खान्देशातल्या नव्या आयटी प्रमुखासाठी : पहिल्या वर्षी काय करायचं, कोणत्या क्रमानं

जळगाव एमआयडीसीतली चटई किंवा पाइपची फॅक्टरी, धुळ्याजवळ अवधानमधला एखादा कारखाना, चोपडा-शिरपूरकडची जिनिंग, भुसावळचं हॉस्पिटल किंवा तालुक्याची पतसंस्था, यांपैकी कुठेतरी तुमच्या नावापुढे नुकतंच 'आयटी प्रमुख' लागलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे ही जागा सहसा जाहिरात देऊन भरत नाहीत. जो हार्डवेअर बघत होता, किंवा ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवताना ज्यानं सगळ्यांत जास्त रात्री जागवल्या, त्याला शेठजी एक दिवस केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, "उद्यापासून कॉम्प्युटरचं सगळं तू बघ." पगार थोडा वाढतो, हाताखाली एखादा मुलगा मिळतो. आपल्याला नेमकं काय काय सांभाळायचं आहे हे मात्र कोणीच सांगत नाही.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीतल्या आयटी प्रमुखाच्या आणि तुमच्या अडचणी मुळात त्याच आहेत. पैसा अपुरा, चांगली माणसं टिकत नाहीत, जुनी यंत्रणा सोडवत नाही, हल्ल्याची भीती, कायद्याचा तगादा, आणि मालकाला हे सगळं समजावून सांगणं. तिथे यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा विभाग असतो. इथे सगळं तुमच्या एका फोनवर येतं. म्हणून इथे कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे.

माझं ठाम मत आहे की पहिल्या वर्षी नवं काहीही आणायची घाई करू नये. नवं ईआरपी, क्लाउड, मोबाइल ॲप, सगळं थांबू द्या. "हे आत्ता बंद पडलं, तर किती वेळात उभं राहील?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक यंत्रणेपुढे लेखी असलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या उत्तराकडे जाणाऱ्या आहेत.

पायरी १ : आधी फिरा, मग लिहा

पहिले दहा-पंधरा दिवस खुर्चीत बसू नका. वही घ्या आणि माल जसा फिरतो तसे फिरा. गेट, काटा, कच्च्या मालाचं गोदाम, लॅब, उत्पादन, डिस्पॅच, अकाउंट्स, शेवटी शेठजींची केबिन. दिसेल ते प्रत्येक यंत्र उतरवा. त्याच्यापुढे लिहा : कोण वापरतं, पासवर्ड कोणाकडे आहे, वॉरंटी आणि परवाना कधी संपतो, आणि हे बंद पडलं तर कोणाचं काम थांबतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, तिथे बसणाऱ्या माणसाला विचारा. डिस्पॅचचा पोरगा सांगेल की बारकोडचा प्रिंटर गेला तर ट्रक जागेवर उभा राहतो. तुमच्या अंदाजात तो प्रिंटर सगळ्यांत खाली असतो.

जिनिंगमध्ये काट्याच्या खोलीतला पीसी नीट बघा. वर रुईचा थर, पंख्यात रुई, मागे सिरियल पोर्टला वजनाच्या इंडिकेटरची वायर, आत विंडोज ७. त्या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. वजनाची पावती काढणारं सॉफ्टवेअर ज्यानं लिहिलं तो माणूस आता फोन उचलत नाही. आतल्या सर्व्हरची किंमत याच्या कितीतरी पट असेल, पण हंगामात कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना हा पीसी बसला, तर अर्ध्या तासात रांग रस्त्यावर येते आणि शेतकरी ओरडायला लागतो. तुमच्या यादीत हा पीसी पहिल्या पाचांत हवा.

असं जुनं यंत्र लगेच बदलता येत नसेल, तर तीन गोष्टी करा. त्याचं इंटरनेट तोडा. त्याला बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. आणि त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून, सिरियल पोर्ट असलेल्या दुसऱ्या जुन्या पीसीत बसवून, चालू करून बघा. तो दुसरा पीसी कपाटात तयार असू द्या. याच फेरीत विंडोज १० ची मशीनं किती, तेही मोजा. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि त्यातली बरीच जुनी मशीनं विंडोज ११ घेणार नाहीत. हा आकडा तुम्हाला बजेटच्या वेळी लागेल.

आता न दिसणारी मालमत्ता. कंपनीचं डोमेन कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे ते बऱ्याचदा वेबसाइट करून देणाऱ्याच्या, नाहीतर सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खासगी जीमेलवर असतं. नूतनीकरणाची सूचना त्या मेलवर जाते, कोणी बघत नाही, आणि एके दिवशी अख्ख्या कंपनीचे मेल बंद. हे पहिल्या महिन्यातच कंपनीच्या नावावर करून घ्या. मेलचं ॲडमिन खातं, राउटर, फायरवॉल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, डिजिटल सहीचे टोकन, बँकेच्या नेटबँकिंगचे वापरकर्ते, सगळं यादीत आणा. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच ओटीपीचं दुहेरी लॉगिन लागतं. तो ओटीपी शेठजींच्या मोबाइलवर जात असेल आणि शेठजी लग्नात असतील, तर गाडी गेटवरच राहते. पोर्टलवर प्रत्येकाचा वेगळा उपवापरकर्ता काढता येतो, त्याच्या मोबाइल नंबरासह. तो काढा.

पायरी २ : लाइट, ऊन आणि अर्थिंग

आयटी व्यवस्थापनाच्या कोर्समध्ये या विषयाला अर्धं पान मिळतं. खान्देशात त्याला पूर्ण प्रकरण हवं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. सर्व्हरच्या खोलीचं तापमान साधारण १८ ते २७ अंशांत असावं असा जगभरचा शिरस्ता आहे. आपल्याकडे सर्व्हर असतो जिन्याखालच्या खोलीत, वर पत्रा, आणि दिवसरात्र चालणारा एकच एसी. तो एसी दुपारी दोनला बंद पडला की खोली किती वेगानं तापते, हे एप्रिलमध्येच मोजून ठेवा. खोलीत थर्मामीटर लावा. शक्य असेल तर तापमान वाढल्यावर मोबाइलवर संदेश देणारा साधा सेन्सर बसवा. दुसरा एसी घ्या आणि टायमर लावून दोन्ही आळीपाळीनं चालवा. आणि कूलर कधीही लावू नका. पाण्याचा ओलावा आणि त्यासोबत आत येणारी धूळ बोर्डावर बसते.

यूपीएसच्या बॅटरीचं आयुष्य कंपन्या २५ अंश तापमान धरून सांगतात. त्यावर साधारण दर ८ ते १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. म्हणजे कागदावर चार वर्षं लिहिलेली बॅटरी तापलेल्या खोलीत दोन वर्षांतच थकते. यूपीएसचा हिरवा दिवा बघून समाधान मानू नका. दर तीन महिन्यांनी, काम संपल्यावर, मेन बंद करून बॅकअप किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा आणि तारखेसह लिहा. मार्चमधली चाचणी चुकवायची नाही, पुढे उन्हाळा उभा असतो.

अर्थिंगचं काम इलेक्ट्रिशियनचं म्हणून सोडून देऊ नका. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. मग नेटवर्क स्विचचे पोर्ट जळतात, प्रिंटरचे बोर्ड जातात, आणि दोष मात्र "माल हलका होता" असा पडतो. मल्टिमीटर घेऊन सर्व्हरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्ट बघा. तो ३ च्या आत असावा असं बहुतेक सर्व्हर आणि यूपीएसवाले सांगतात. जास्त असेल तर खड्ड्यात पाणी घाला, पुन्हा मोजा, आणि फरक पडला तर उन्हाळाभर पाणी घालायचं काम एका माणसाच्या नावावर लावून द्या. या साध्या नियमानं वाचलेले पैसे नवीन फायरवॉलपेक्षा जास्त असतात, असा माझा अनुभव आहे.

इंटरनेटच्या दोन लाइनी घेताना त्या दोन वेगळ्या वाटांनी येतात का, ते विचारा. दोन कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून येत असेल, तर रस्त्याच्या कामाचा एक जेसीबी दोन्ही तोडतो. एक फायबर आणि एक मोबाइल सिमवरची लाइन ही जोडी आपल्याकडे जास्त भरवशाची.

पायरी ३ : बॅकअप परत आणून दाखवा

"बॅकअप आहे ना?" या प्रश्नाला सगळीकडे "हो" असंच उत्तर मिळतं. तुम्ही प्रश्न बदला : "शेवटचा बॅकअप परत कधी आणून बघितला?" तिथे शांतता असते.

नियम जुना आणि चांगला आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. त्यात आजच्या काळाची एक भर घाला : एक प्रत अशी हवी की जिला नेटवर्कवरून कोणीही हात लावू शकणार नाही. रॅन्समवेअर, म्हणजे डेटा लॉक करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, सर्व्हर लॉक करतं तेव्हा त्याला जोडलेली बॅकअपची डिस्कसुद्धा लॉक करतं. म्हणून दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, आठवड्याआड बदला, एक कायम वायर काढून कुलपात, तीही शक्यतो दुसऱ्या इमारतीत. या डिस्कला पासवर्ड लावा, नाहीतर हरवलेली डिस्क ही वेगळीच आपत्ती होते.

परत आणण्याची चाचणी अशी घ्या. शनिवारी संध्याकाळी, बिलं थांबल्यावर, एक रिकामा पीसी घ्या. त्यावर विंडोजशिवाय काही नको. घड्याळ लावा. कपाटातली डिस्क काढा, टॅली किंवा ईआरपी बसवा, परवाना चालू करा, डेटा चढवा. आता अकाउंट्समधल्या ताईंना शेजारी बसवा आणि तीन गोष्टी मूळ यंत्रणेशी जुळवून घ्या : शेवटच्या बिलाचा नंबर, ट्रायल बॅलन्सची बेरीज, आणि एका गोदामातला एका मालाचा शिल्लक साठा. जुळलं की घड्याळ थांबवा. जो वेळ लागला तो तुमचा खरा आकडा. पहिल्या खेपेला बहुतेकांची चाचणी अर्ध्यावर अडते : परवान्याचा नंबर सापडत नाही, डेटाबेसचा पासवर्ड व्हेंडरकडे असतो, किंवा बॅकअपमध्ये मागच्या वर्षाचंच फोल्डर निघतं. हे शनिवारी संध्याकाळी कळणं चांगलं. अडलेली प्रत्येक गोष्ट सोडवा आणि पुढच्या महिन्यात चाचणी पुन्हा घ्या. नंतर तिमाहीला एकदा पुरे.

ताईंना शेजारी बसवण्याचं कारण आहे. डेटा बरोबर आहे की नाही हे अकाउंट्सवालाच सांगू शकतो. शिवाय पुढे कधी खरंच वेळ आली, तर "माझ्या डोळ्यांसमोर परत आणून दाखवलं होतं" असं सांगणारा माणूस तुमच्या विभागाबाहेर असतो.

पायरी ४ : हल्ला झाला तर पहिल्या तासात काय

"आपल्या गावाकडच्या कंपनीवर कोण हल्ला करणार?" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. उत्तरात घटना सांगा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातलं एक नावाजलेलं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चाललं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर आलं, तेव्हा देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. त्या बँकांची स्वतःची चूक नव्हती. ज्याच्यावर भरवसा होता तो व्हेंडर अडकला होता. पतसंस्था आणि सहकारी बँकांत काम करणाऱ्यांनी हे शेवटचं उदाहरण संचालक मंडळासमोर मांडावंच.

प्रत्यक्षात आपल्याकडे सगळ्यांत जास्त पैसा साध्या युक्तीनं जातो. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावानं मेल येतो : "आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे या खात्यात पाठवा." पत्ता जवळजवळ तसाच, एका अक्षराचा फरक. अकाउंटंट घाईत असतो आणि पैसे जातात. यावर महागडं सॉफ्टवेअर नको, एक लेखी नियम हवा : खातं बदलायची विनंती आली की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेलमधल्या नंबरवर नाही, आणि दोन माणसांच्या सहीशिवाय पेमेंट नाही. हा नियम शेठजींच्या सहीनं काढा, कारण घाईची पेमेंटं बहुधा त्यांच्याच नावानं सांगितली जातात.

याखेरीज चार कामं लगेच. मेल आणि बँकेच्या सगळ्या खात्यांना दुहेरी लॉगिन. रोजच्या वापराच्या खात्यांवरून ॲडमिनचे अधिकार काढणं. बाहेरून थेट सर्व्हरवर येणारं रिमोट डेस्कटॉप बंद. आणि विंडोजचे अपडेट वेळेवर, पण एकदम सगळीकडे नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बंद पाडली. आधी तुमच्या विभागातल्या दोन-तीन मशीनांवर लावा, दोन दिवस बघा, मग बाकीच्यांवर.

आता एक पान छापा आणि सर्व्हरच्या खोलीच्या दारावर आतून चिकटवा. त्यावर : नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, पण मशीन बंद करू नका, पुरावा मेमरीत असतो. स्क्रीनचा फोटो काढा. कोणाला फोन करायचा, कोणत्या क्रमानं. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तात्काळ फोन, कारण पहिल्या काही तासांतच पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवणं. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांचे लॉग (कोण कधी आलं, काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. फायरवॉलमध्ये लॉग किती दिवसांचे राहतात, आज उघडून बघा. पुष्कळदा आठवडाभराचेच असतात.

पायरी ५ : शेठजींसमोर बसताना

नव्या आयटी प्रमुखाची सगळ्यांत मोठी अडचण मला हीच वाटते. काम चांगलं चाललं की दिसत नाही, बंद पडलं की लगेच दिसतं. मागणी मांडली की उत्तर येतं, "अजून चालतंय ना?"

तांत्रिक भाषा बाहेर ठेवून आत जा. आपल्याकडचा मालक वर्ग पैशाचा हिशोब अतिशय तल्लखपणे करतो. डाळ मिलचा मालक तुरीच्या भावातला दहा रुपयांचा फरक तोंडी फिरवून सांगतो. त्याला त्याच हिशोबात दाखवा. डिस्पॅच एक तास थांबला तर किती गाड्या थांबतात, गाडीमागे किती खोटी (गाडी अडकून राहिल्याचा आकार) लागते, किती मजूर बसून राहतात, हे डिस्पॅच मॅनेजरकडून लेखी घ्या. तुमच्या चाचणीत यंत्रणा उभी राहायला ११ तास लागले असतील, तर गुणाकार करा. तो आकडा एका बाजूला, मागणीचा आकडा दुसऱ्या बाजूला.

एका पानापेक्षा जास्त काही नेऊ नका. त्यावर तीन पर्याय असू द्या : काहीच केलं नाही तर काय धोका उरतो, कमी खर्चात काय होतं, पूर्ण केलं तर काय. तुमची शिफारस स्पष्ट लिहा, पण निर्णय त्यांना घेऊ द्या. "नको" म्हणाले, तर त्याच पानावर तारीख घालून "पुढच्या तिमाहीत पुन्हा बघू" असं त्यांच्यासमोर लिहा आणि पान फाइलला लावा. यात कोणाला पकडायचा हेतू नाही. धोका कोणाचा आहे हे दोघांनाही स्पष्ट असलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

वेळही बघा. जिनिंगचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. त्या काळात पैसा कापसात गुंतलेला असतो आणि मालकाचं डोकंही. मोठी मागणी एप्रिल-मेमध्ये ठेवा. सर्व्हर बदलणं, ईआरपीचं नवं व्हर्जन, नेटवर्कची फेररचना ही कामंही हंगाम संपल्यावरच. एक दिनदर्शिका करा, तिच्यावर हंगामाचे महिने, ११ आणि २० तारीख म्हणजे जीएसटीची धावपळ, पगाराचे दिवस आणि मार्चअखेर लाल करा. लाल दिवशी कोणत्याही चालू यंत्रणेला हात लावायचा नाही, व्हेंडर कितीही म्हणाला "पाच मिनिटांचं काम आहे" तरी.

पायरी ६ : माणसं आणि व्हेंडर

विद्यापीठ आपल्याकडे १९९० पासून आहे, जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळ, फैजपूर इथे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. तयार मुलं मिळतात. ती टिकत नाहीत, पुण्याची ट्रॅव्हल्स धरतात. पगारात तुम्ही पुण्याची बरोबरी करू शकणार नाही, म्हणून ते सोडून बाकीचं द्या. इथे एकाच मुलाला नेटवर्क, सर्व्हर, डेटाबेस आणि कारखान्याची यंत्रं असं सगळं हाताळायला मिळतं. पुण्यात ते मिळायला वर्षं जातात. हे मुलाखतीतच सांगा, आणि वर्षाला एका चांगल्या प्रमाणपत्र परीक्षेची फी कंपनीनं भरावी अशी तरतूद करून घ्या. घरची शेती असलेला, आई-वडिलांजवळ राहायचं असलेला मुलगा शोधा. तो दोन वर्षं राहील हे धरून चाला, आणि पहिल्या दिवसापासून त्यानं केलेलं प्रत्येक काम लिहून ठेवायची सवय लावा. मुलगा गेला तर माहिती जाऊ नये, एवढी व्यवस्था तुमच्या हातात आहे.

वापरणाऱ्या माणसांकडे तेवढंच लक्ष द्या. वीस वर्षं वहीत साठा लिहिणारे गोदामातले नाना ईआरपीत नोंद करत नाहीत, तेव्हा ते अडवणूक करत नसतात. त्यांना चुकीची भीती वाटते. प्रशिक्षण हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून घेऊ नका. त्यांच्या टेबलाशी स्टूल टाकून बसा, "काय व्हयनं नाना?" म्हणत त्यांच्या अहिराणीत बोला, त्यांच्या वहीतलीच आजची पानं त्यांच्याच हातानं भरून घ्या. महिनाभर वही आणि ईआरपी दोन्ही चालू द्या. आकडे जुळायला लागले की वही ते स्वतःच मिटतात.

व्हेंडरशी करार करताना दोन गोष्टी तपासा. पहिली, सर्व्हरची "पुढच्या कामाच्या दिवशी दुरुस्ती" ही सेवा तुमच्या पिनकोडला खरंच लागू आहे का? इंजिनिअर नाशिकहून किंवा संभाजीनगरहून येणार असेल आणि पार्ट त्याच्याही मागून, तर प्रत्यक्षात तीन दिवस धरा आणि एक पॉवर सप्लाय, एक हार्ड डिस्क, एक स्विच स्वतःच्या कपाटात ठेवा. दुसरी, सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत मिळेल, हे करारात लिहिलेलं आहे का? आपल्याकडे कितीतरी कंपन्यांचं ईआरपी एकाच माणसानं लिहिलेलं असतं. तो भला माणूस असला तरी आजारी पडू शकतो. सोर्स कोडची अद्ययावत प्रत दर सहा महिन्यांनी कंपनीच्या ताब्यात यावी, एवढं कलम घालून घ्या.

पायरी ७ : कायद्याची यादी

हे लवकर होतं, फक्त सीएंना सोबत घ्या. संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की ई-इनव्हॉइस लागतं. १० कोटी आणि त्यावर असेल तर बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढलंच पाहिजे, म्हणून इंटरनेटअभावी मागे राहिलेल्या बिलांवर नजर ठेवा. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली किमान ७ दिवसांची कैद आणि ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. हे शेठजींना शांतपणे सांगा, आणि बदलायचा खर्च दोन वर्षांत विभागून द्या.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हॉस्पिटल, पतसंस्था आणि शाळांनी आत्ताच कामाला लागावं. सुरुवात साधी आहे : कोणाचे आधार, पॅन, रिपोर्ट आपल्याकडे कुठे कुठे पडलेत, ते शोधा. काउंटरवरच्या पीसीच्या डेस्कटॉपवर आणि कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये ते हमखास सापडतात.

पायरी ८ : तुमच्या नकळत चाललेलं काम

दरपत्रक व्हॉट्सॲपवर जातं, डिझाइन खासगी मेलवर, आणि आता पत्रं, कोटेशनं चॅटजीपीटीकडून लिहून घेतली जातात. सरसकट बंदी घालू नका, लोक मोबाइलवरून करतील आणि तुम्हाला कळणारही नाही. काय टाकायचं नाही याची छोटी यादी द्या : ग्राहकांची नावं-नंबर, खरेदीचे भाव, पगार, रुग्णांची माहिती, पासवर्ड. बाकी मसुदा लिहिणं, भाषांतर, एक्सेलचं सूत्र विचारणं चालू द्या. फाइली पाठवायला कंपनीची सोपी जागा तयार करा. ती व्हॉट्सॲपइतकी सोपी नसेल तर कोणी वापरणार नाही.

पायरी ९ : रजा घ्या

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास हंगाम संपलेला असतो, मार्चअखेर उरकलेली असते. तेव्हा चार दिवसांची रजा घ्या. जाण्यापूर्वी सगळे मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात घालून शेठजींच्या तिजोरीत ठेवा, वर तारीख आणि सही करून. पासवर्ड बदलला की पाकीट बदला. हाताखालच्या मुलाला दारावरचं पान, चाचणीची वही आणि व्हेंडरचे नंबर दाखवा आणि सांगा, फोन अगदी अडलं तरच करायचा.

त्या चार दिवसांत तुम्हाला आलेला प्रत्येक फोन लिहून ठेवा : कोणी केला, कशासाठी, आणि ते उत्तर कुठे लिहिलेलं असायला हवं होतं. परत आल्यावर पुढच्या तिमाहीचं काम त्याच यादीवरून ठरवा.